गाळा घ्यावा की पंधरा दिवसांचे दुकान मांडावे?

प्रश्न : मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते. काही वर्षांपासून घरीच प्रवासी बॅगा शिवते. शेजारच्या दोघी मदतीला असतात आणि तिघींच्या हातून महिन्याला ४५ च्या आसपास बॅगा होतात. आतापर्यंत विक्री ओळखीपाळखीत आणि बचत गटांच्या प्रदर्शनांत झाली. आता राजपथाजवळ एक गाळा मिळतो आहे. अनामत १ लाख आणि भाडे महिना १४,००० रुपये. थोरले दीर म्हणतात, धंदा करायचा तर गाळा हवाच. माझ्या मनात मात्र पुण्यात हल्ली लावतात तसे पंधरा-पंधरा दिवसांचे ‘पॉप-अप’ दुकान निरनिराळ्या ठिकाणी लावावे असे आहे. भाऊ म्हणतो, कासचा हंगाम तोंडावर आला आहे, तिकडेच स्टॉल टाक. जोडीला मुंबईहून तयार चाकांच्या बॅगा आणून ठेवाव्यात का, हेही ठरत नाही. गाळामालक महिनाअखेरपर्यंत उत्तर मागत आहेत. हिशेबाचा कागद सोबत जोडला आहे. — एक वाचक, सातारा

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

हिशेबाचा कागद सोबत जोडलात हे फार बरे झाले, कारण त्यावाचून काही सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे झाले असते. माझे मत आधीच सांगते. गाळा आत्ता घेऊ नका. तात्पुरत्या दुकानाचा तुमचा विचार मला पटतो, पण ते दर पंधरवड्याला नव्या ठिकाणी हलवण्याऐवजी वर्षातून तीनदाच, नेमक्या दिवसांत आणि शक्यतो एकाच जागी लावावे. कासचा विचार प्रवासी बॅगांपुरता तरी मनातून काढून टाका.

गाळ्याचे गणित तुमच्याच आकड्यांवरून मांडते. मोठी डफल बॅग, म्हणजे मऊ कापडाची बिनचाकांची प्रवासी बॅग, तुम्ही १,४५० रुपयांना विकता आणि कापड, चेन, पट्टे, अस्तर व मदतनीस दोघींची मजुरी धरून तिला ८२० रुपये खर्च येतो. म्हणजे एका बॅगेमागे ६३० रुपये उरतात, आणि तुमची स्वतःची मेहनत त्यातूनच निघायची आहे. गाळ्याचे भाडे १४,०००. तुम्ही मशीनवर बसलेल्या असताना दुकान सांभाळायला ठेवलेल्या मुलीचे दिवसाला ३५० प्रमाणे महिन्याचे साडेदहा हजार. वीज आणि किरकोळ खर्च दीड हजार. ही बेरीज २६,००० रुपये होते आणि ती नुसती भरून काढायला महिन्याला ४२ बॅगा विकाव्या लागतात. तुमच्या तिघींच्या हातून होतात ४५. याचा अर्थ असा की गाळा घेतला तर तुमची जवळजवळ सगळी शिलाई गाळ्यासाठीच होईल, आणि तीही पितृपंधरवड्यात, परीक्षांच्या दिवसांत, आषाढाच्या झडीत, म्हणजे गिऱ्हाईक फिरकत नाही अशा प्रत्येक महिन्यात. शिवाय एक लाखाची अनामत अडकून पडेल ती वेगळीच. तेवढ्या रकमेत कापडाचे पूर्ण तागे ठोक भावाने घेता येतील आणि जाड पट्टे शिवणारे एक दणकट मशीनही बहुधा येईल. दीर म्हणतात ते तत्त्वतः चुकीचे नाही. ज्या महिन्यात तुमची शिलाई शंभर बॅगांच्या पुढे जाईल आणि त्यातल्या बहुतेक जागच्या जागी खपतील, त्या महिन्यात मी स्वतःच तुम्हाला गाळा बघा म्हणेन.

आता कासविषयी. भावाच्या सांगण्यातला उत्साह मी समजू शकते, कारण २०१२ मध्ये कासचे नाव पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले आणि तेव्हापासून फुलांच्या दिवसांत यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. परंतु गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. प्रवासी बॅग माणूस प्रवासाला निघण्याआधी, आपल्या गावात घेतो. कासला आलेल्या पर्यटकाची बॅग भरून गाडीच्या डिकीत पडलेली असते, त्यामुळे तो दुसरी मोठी बॅग कशाला घेईल? तिथे लागणाऱ्या वस्तू वेगळ्या असतात. भिजलेले कपडे ठेवायची पाणी न झिरपणारी पिशवी, सॅकवर चढवायचे पावसाळी आवरण, खरेदी जास्त झाली तर उघडायची घडीची पिशवी, एवढेच तिथे खपू शकेल. शिवाय पठाराची व्यवस्था वनखाते आणि परिसरातल्या गावांच्या समित्या पाहतात. तिथे कुणीही उठून टेबल मांडावे अशी ती जागा नाही, आणि तशी होऊही नये असे मला मनापासून वाटते. तुम्हाला हौसच असेल तर कासच्या वाटेवरच्या एखाद्या ओळखीच्या हॉटेलच्या गल्ल्यापाशी ही आवरणे आणि घडीच्या पिशव्या ठेवून बघा. कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून त्या निघतात, त्यामुळे नुकसान होण्यासारखे त्यात काही नाही.

तुमचा खरा गिऱ्हाईक सातारकर आहे, बाहेरगावी निघालेला सातारकर. तो कधी निघतो ते पाहिले म्हणजे दुकान कधी मांडायचे ते आपोआप ठरते. दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबे सहलीला निघतात, परंतु बॅगेची खरेदी फराळाच्या आणि कपड्यांच्या धांदलीत मागे पडते. म्हणून दुकान धनत्रयोदशीला संपेल अशा बेताने आधीचे पंधरा दिवस लावावे. त्यानंतर बॅग बघायला कुणाला सवड नसते. दुसरी वेळ शाळांच्या सहलींची, साधारण डिसेंबरची. एसटीच्या गाड्या भरून मुले निघतात आणि आयांना एका मुक्कामाचे कपडे मावतील अशी लहान, हलकी आणि मुलाला स्वतः उचलता येईल अशी बॅग हवी असते.

तिसरी वेळ मला सगळ्यांत मोलाची वाटते, ती जूनची. दहावी-बारावीनंतर साताऱ्याची, कोरेगावची, कऱ्हाडची कितीतरी मुले-मुली पुण्याला वसतिगृहात राहायला जातात. त्या घरांत एकदम दोन-तीन बॅगांची खरेदी होते आणि घासाघीसही कमी होते, कारण लेकरू पहिल्यांदा घराबाहेर पडत असते आणि त्याच्या हाती भक्कम वस्तू द्यावी अशी आईबापांची इच्छा असते. इथे तुमच्या हातात एक अशी गोष्ट आहे जी कुठल्याही मोठ्या कंपनीला जमत नाही. दुकानात एक मशीन घेऊन बसा आणि बॅग घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मुलाचे नाव लिहिलेली कापडी पट्टी आतल्या बाजूला शिवून द्या. एकसारख्या काळ्या बॅगांनी भरलेल्या वसतिगृहाच्या खोलीत त्या पट्टीचा उपयोग काय, हे आईला सांगावे लागत नाही.

वारीच्या बॅगांचे तुम्ही ओझरते लिहिले आहे. माउलींची पालखी लोणंद, फलटण असा आपल्याच जिल्ह्यातून रस्ता धरते हे खरे, पण वारकऱ्याचे सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जाते. त्याला रुंद तोंडाची, वजनाला हलकी आणि चिखलपाण्याला टिकणारी साधी पिशवी लागते. तो वेगळाच माल आहे. दोन-चार वारकऱ्यांना त्यांच्या सामानाविषयी नीट विचारल्याशिवाय त्यात हात घालू नका.

जागेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण चूक होते ती इथेच. संध्याकाळी राजवाड्याच्या चौपाटीवर गर्दी असते म्हणून तिथे जवळपास टेबल लावावे असे कुणीही सुचवेल. ती गर्दी खायला आलेली असते. हात तेलकट, सोबत लहान मुले, अशा वेळी हजार-दीड हजारांची वस्तू उघडून पाहायला कुणी थांबत नाही. त्याऐवजी माणूस प्रवासाच्याच कामाने येतो अशा चालू दुकानातली एक भिंत किंवा कोपरा मिळवावा. सहलींचे आणि बसचे बुकिंग करणारे कार्यालय, जूनमध्ये गणवेश व शालेय साहित्याचे दुकान, दिवाळीपूर्वी तयार कपड्यांचे दुकान, अशा ठिकाणी तुमचा माल त्यांच्या धंद्याशी भांडत नाही, उलट गिऱ्हाईक दोन घटका जास्त रेंगाळले तर त्यांनाही ते हवेच असते. जागा ठरवण्याआधी संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत समोर उभे राहून, समोरून किती माणसे गेली हे न मोजता किती माणसे आत शिरली ते मोजा. आणि तो दुकानदार स्वतःच भाडेकरू असेल तर जागामालकाची संमती घेतली आहे का, हे आधी विचारा. नाहीतर मांडामांड झाल्यावर तिसऱ्या दिवशी वाद उभा राहतो. रस्त्याच्या कडेला किंवा पदपथावर मांडायचे असेल तर नगरपालिकेची परवानगी लागते. त्या फंदात तुम्ही पडूच नये.

यात्रेत बसावे का, असाही प्रश्न पत्रात आहे. पुसेगावच्या यात्रेला माणूस अफाट येतो, परंतु तिथे स्वस्त बॅगांचे ढीग लागतात. तुमच्या बॅगेचे गुण तिथे किमतीपुढे झाकले जातील. त्यापेक्षा बचत गटांसाठीच्या ‘उमेद’ या सरकारी अभियानाची जिल्हा पातळीवरची प्रदर्शने किंवा म्हसवडच्या माणदेशी संस्थेचा महोत्सव बरा, कारण तिथे येणाऱ्याला ही वस्तू कुणीतरी हाताने केली आहे याची जाण असते.

कोपरा मिळाला की दुकानदार दोन पर्याय ठेवील. ठरावीक भाडे द्या, नाहीतर विक्रीवर टक्केवारी द्या. समजा, पंधरा दिवसांचे भाडे ६,००० रुपये, मदतनीस मुलीचे ५,२५० आणि ने-आण, फलक वगैरेचे २,००० असे १३,२५० रुपये लागले. तर २२ वी बॅग विकेपर्यंत हाती काहीच लागत नाही. दुसऱ्या बाजूला २० टक्के टक्केवारी ठरली, दुकानातल्याच माणसांनी विक्री केली आणि ने-आणही दुकानदाराच्याच गाडीतून झाली, तर एका बॅगेमागे २९० रुपये जाऊन तुम्हाला ३४० मिळतात, पण ते पहिल्या बॅगेपासून मिळतात. हे दोन्ही पर्याय ४६ व्या बॅगेला बरोबरीला येतात. पंधरा दिवसांत ४६ बॅगा खपतील अशी खात्री आज तुम्हालाही नाही, म्हणून केवळ पैशाच्या दृष्टीने पाहिले तर टक्केवारीच सोयीची दिसते. असे असूनही पहिल्या दिवाळीला भाडे देऊन तुम्ही स्वतः तिथे बसा, निदान संध्याकाळचे चार तास तरी, असे मी आग्रहाने सांगेन. त्याचे कारण गिऱ्हाईक बॅग कशी हाताळते हे पाहण्यात आहे.

नीट निरखून पाहा. बॅग आवडली की बाई आधी चेन दोन-तीनदा पुढेमागे करते आणि वळणावर रनर अडतो का ते पाहते. मग खांद्याचा पट्टा जिथे शिवला आहे तिथे बोट घालून ओढून बघते. मग बॅग उलटी करून तळ पाहते आणि शेवटी आत हात घालून अस्तर चाचपते. यातल्या कुठल्या टप्प्यावर ती बॅग खाली ठेवते, ते एका वहीत लिहून ठेवा, सोबत तिने विचारलेला प्रश्नही. चेनपाशीच हात थांबत असतील तर मोठ्या डफलला ५ नंबरऐवजी ८ किंवा १० नंबरची चेन लावायला हवी, तिचे दात रुंद असतात आणि भार सोसतात. पट्ट्यापाशी थांबत असतील तर तिथे चौकोन आणि आत फुली अशी दुहेरी शिलाई घालायला हवी. ‘धुता येते का’ हा प्रश्न वारंवार आला तर तळाचा पुठ्ठा काढता येईल असा करा. बाकी कशाहूनही ही वहीच तुमच्या मालात सुधारणा करील, आणि टक्केवारीवर ठेवलेल्या बॅगांतून ती कधीच तयार होत नाही.

मांडणीत फार खर्च करू नका. तीनच नमुने ठेवा. दहा नमुने पाहून गिऱ्हाईक ‘विचार करून येते’ म्हणते. प्रत्येक नमुन्याची एक बॅग खऱ्या सामानाने भरून ठेवावी, म्हणजे कपड्यांचे चार जोड, टॉवेल, चपला, पाण्याची बाटली. कागद कोंबून फुगवलेली बॅग लगेच ओळखू येते. विमानाने जाणाऱ्यांसाठी ५५, ३५ आणि २५ सेंटिमीटर मापाचा पुठ्ठ्याचा एक खोका करून ठेवा आणि लहान बॅग त्यात बसवून दाखवा, कारण देशांतर्गत विमानांत हातातल्या बॅगेला बहुधा हेच माप आणि ७ किलोची मर्यादा असते. एक लटकता काटाही सोबत असू द्या. कापडाची जाडी विचारली तर ‘६०० डेनियर’ असा नुसता आकडा तोंडावर फेकू नये. ९,००० मीटर सुताचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर, म्हणून आकडा मोठा तितके सूत जाड, एवढे सांगितले की माणसाला उलगडते आणि सांगणाऱ्यावर विश्वास बसतो.

विश्वास हीच तात्पुरत्या दुकानाची सगळ्यांत नाजूक बाजू आहे. ‘दिवाळीनंतर चेन तुटली तर तुम्हाला शोधायचे कुठे?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो, ओठांवर फार थोड्यांच्या येतो. त्याचे उत्तर विचारण्याआधीच द्यावे. प्रत्येक बॅगेच्या आत तुमच्या शाहूपुरीच्या कामाच्या जागेचा पत्ता आणि फोन क्रमांक असलेली पट्टी शिवा, चेन आणि शिलाई सहा महिने मोफत दुरुस्त करून देण्याचे कार्ड द्या, आणि ज्या दुकानात कोपरा घेतला असेल तिथे दुकान उठल्यावरही दुरुस्तीची बॅग ठेवून घेतील अशी बोलणी आधीच करून ठेवा. बिल प्रत्येकाला द्या, न मागता द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. तेव्हा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी इतरांच्या दुकानांत दिसते म्हणून तुम्ही लावू नका.

कागदपत्रांचे ओझे तुम्ही समजता तेवढे नाही. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि विक्री महाराष्ट्रातच असेल तोवर मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परंतु दोन ठिकाणी सावध राहा. कोपरा देणारा दुकानदार नोंदणीकृत असेल आणि त्याने विक्री आपल्या बिलावर दाखवली, तर पॉलिएस्टरच्या प्रवासी बॅगेवर १८ टक्के कर लागेल आणि १,४५० रुपयांतले सुमारे २२१ रुपये त्यातच जातील. म्हणून टक्केवारी ठरली तरी बिल तुमच्याच नावाचे असावे आणि हे आधी लेखी ठरावे. दुसरे असे की उद्या बेळगावला किंवा गोव्याला प्रदर्शनात बोलावले, तर परराज्यातल्या तात्पुरत्या विक्रीसाठी उलाढाल कितीही कमी असली तरी सहसा आधी नोंदणी करून अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. तिकडे जाण्यापूर्वी कर सल्लागाराला जरूर भेटा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य होते, ती करून घ्या आणि त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

चाकांच्या तयार बॅगा ठेवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचे चाक किंवा दांडा मोडला तर तुम्हाला दुरुस्त करता येणार नाही, आणि दुरुस्तीची जी हमी तुमच्या बॅगेला इतरांपासून वेगळी करते तिच्यावरच पाणी पडेल. शिवाय त्या जागा फार खातात. एका चाकाच्या बॅगेच्या जागेत तुमच्या घडी घातलेल्या चार-पाच डफल सहज राहतात.

सध्या श्रावण चालू आहे, म्हणजे दिवाळीच्या पंधरा दिवसांसाठी साठ बॅगांचा साठा करायला पुरेसा वेळ आहे. शिवून झालेला माल या दमट हवेत प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, बुरशीचा वास एकदा लागला की जात नाही. सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. कोपऱ्याची बोलणी गणपतीआधी करा, कारण दसऱ्यानंतर दुकानदारांना बोलायलाही उसंत नसते. गाळामालकांना महिनाअखेरची वाट न पाहता या आठवड्यातच नम्रपणे कळवा की यंदा जमत नाही, पुढच्या जूननंतर गाळा रिकामा असेल तर बोलू. जागा अडवून ठेवण्यासाठी म्हणून टोकनची रक्कम देऊ नका. आणि पुढे कधी तो योग आला, तर करार लेखी आणि नोंदणी केलेला असल्याशिवाय अनामतीचा एक रुपयाही हातावेगळा करू नका.